विष्ठेचे मोल

गुरुदीक्षेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली की धर्मग्रामस्थ आपल्या धर्मगुरूचा सत्कार करतात, शाल-श्रीफळ देतात आणि 'फादर, आता थोडी विश्रांती घ्या,' असे प्रेमाने सांगतात. २०२४ साली हे सारे आमच्याही वाट्याला आले. विश्रांतीचा सल्ला आम्ही सहसा मनावर घेत नाही. परंतु त्या वर्षी घेतला. त्याला एक कारण होते. जुलै महिन्यात आमच्या हातून एक गोष्ट घडली होती आणि तिच्यापासून काही दिवस दूर जावे असे आम्हांस वाटत होते. ती गोष्ट कोणती, हे ओघात येईलच.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आमच्या शेजारच्या बाकावर बसणारा एक मित्र पुढे मिशनरी संघात गेला. गेली अनेक वर्षे तो दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, लिमा या राजधानीच्या वेशीवरील वाळूच्या टेकड्यांवर वसलेल्या गरीब वस्तीत काम करीत आहे. आम्ही त्याच्याकडे पाहुणे म्हणून गेलो. १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, त्याच्या पत्र्याच्या छपराच्या छोट्या चॅपेलात आम्ही दोघांनी मिळून मिस्साबली अर्पण केला. भाविकांच्या प्रार्थनेच्या वेळी एक वृद्धा उभी राहिली आणि डोळे पुसत स्पॅनिशमध्ये काही बोलली. मित्राने मागाहून अर्थ सांगितला. २००७ साली याच दिवशी, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, येथून दक्षिणेस असलेल्या पिस्को शहराला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला होता. पाचशेहून अधिक माणसे दगावली. त्यांपैकी शंभराहून अधिक एकट्या सान क्लेमेंते चर्चमध्ये गेली, कारण त्या वेळी तेथे मिस्सा चालू होती व छप्पर भाविकांवरच कोसळले. त्या वृद्धेची बहीण त्यांत होती.

"उद्या आपण त्याच बाजूला जाणार आहोत," मित्र म्हणाला. "पाराकासला. वाळवंट आणि पक्ष्यांची बेटे पाहून एका दिवसात परत. तुला पक्षी आवडतात ना?"

आम्ही होकारार्थी मान हलविली. पण ती हलविताना मनात काहीतरी खुपले.

पहाटे साडेतीनला बस निघाली. लिमाच्या हिवाळ्यात धुके एवढे दाट असते की दिव्याखालचा माणूसही पुसट दिसतो. मात्र त्या धुक्यातून पाऊस पडत नाही. वसईत दर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस अंगावर घेतलेल्या आम्हांस, वर्षाकाठी दोन बोटेही पाऊस न पडणारे हे समुद्रकाठचे शहर एखाद्या कोड्यासारखे वाटे. उजाडले तेव्हा उजव्या हाताला प्रशांत महासागर आणि डाव्या हाताला वाळूच्या राखाडी टेकड्या, असा देखावा होता. कोकणात सागर म्हटला की माड, पोफळी, हिरवी खाचरे हे ओघानेच येते. येथे समुद्राच्या अगदी कुशीत वाळवंट निजलेले! मैलोन् मैल गवताची काडी नाही. मध्येच अँडीज पर्वतातून एखादी नदी उतरते, तेवढाच कापसाचा, मक्याचा, द्राक्षांचा हिरवा पट्टा येतो आणि जातो, पुन्हा वाळू.

या कोड्याचे उत्तर समुद्रातच आहे. दक्षिण ध्रुवाकडून या किनाऱ्याने एक थंड प्रवाह उत्तरेस वाहतो. जर्मन संशोधक अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट १८०२ साली पेरूत आला होता; त्याच्याच नावाने हा प्रवाह ओळखला जातो. थंड पाण्यावरची हवाही थंड व जड राहते, वर चढत नाही. म्हणून ढग धुक्यापुरते जमतात आणि पाऊस देत नाहीत. जमीन तहानेली राहते. पण त्याच वेळी किनाऱ्यालगतचे वरचे पाणी वाऱ्याने दूर लोटले जाते आणि तळाचे थंडगार, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर 'आंचोवेता' नावाची बोटभर मासळी. ही आपल्या मांदेलीच्याच कुळातली. त्या मासळीवर पक्षी, समुद्रसिंह आणि माणसे जगतात. म्हणजे ज्या कारणाने जमीन उजाड, त्याच कारणाने समुद्र समृद्ध. एका हाताने घेणे आणि दुसऱ्या हाताने देणे ही देवाची रीत आम्ही प्रवचनांतून पुष्कळदा सांगितली आहे. ती डोळ्यांनी अशी पाहण्याची वेळ प्रथमच आली.

पिस्कोकडे वळणारा रस्ता आला तेव्हा मित्राने क्रूसाची खूण केली. आम्हीही केली. थोड्याच वेळात पाराकासच्या उपसागराकाठचे एल चाको हे कोळ्यांचे गाव आले. 'पाराकास' हा क्वेचुआ भाषेतील शब्द, अर्थ वाळूचा पाऊस. दुपारनंतर येथे वारा असा सुटतो की वाळूच अंगावर बरसते. म्हणून होड्या सकाळीच सोडतात.

आमची होडी उघडी, जलद आणि तीसेक उतारूंची होती. केशरी जाकिटे बांधून सारे बसले. वाटाड्या तरुण व गमत्या होता. "टोप्या घाला," त्याने बजावले, "आणि वर पाहताना तोंड मिटलेले ठेवा." सगळे हसले. का हसले, हे आम्हांस पुढे कळले.

बंदर सोडल्यावर द्वीपकल्पाच्या उतारावर एक अजब आकृती दिसते. जवळजवळ एकशे ऐंशी मीटर उंचीची, तीन फांद्यांच्या दीपवृक्षासारखी ही रेखाकृती टणक झालेल्या वाळूत कोरलेली आहे. तिच्या जवळ सापडलेली खापरे ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमाराची आहेत. पाऊस नाही म्हणून वाळूतली रेघसुद्धा शतकानुशतके टिकते. याच परिसरात हूलिओ तेयो या पेरूच्या थोर पुरातत्त्वज्ञाने १९२५ ते १९२७ या काळात जुन्या दफनभूमी उघड्या केल्या. दोन हजार वर्षांपूर्वीची शवे आणि त्यांच्या भोवतीची भरजरी लोकरी वस्त्रे रंगांसकट जशीच्या तशी मिळाली. कोरड्या हवेने माणसाने प्रेमाने गुंडाळून ठेवलेले सारे जपले. त्याच कोरड्या हवेने आणखी एक गोष्ट जपली होती. तिचा वास आता वाऱ्यावर येऊ लागला.

वसईच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या मांडवांपाशी जो वास येतो, त्यात नवसागराची उग्र झळ मिसळावी, तसा तो वास होता. समोर बायेस्तास बेटे दिसू लागली. तांबूस खडकांच्या कमानी, गुहा, खाली फेसाळणारे पाणी आणि माथ्यावर जणू चुन्याची सफेदी. जवळ गेलो तेव्हा त्या सफेदीवरचे काळे ठिपके हलू लागले. ते पक्षी होते. हजारो पक्षी, खांद्याला खांदा लावून उभे. काळ्या पाठीचे आणि पांढऱ्या पोटाचे ग्वानाय हे पाणकावळे, निळसर चोचीचे पिकेरो, झोळीदार गळ्याचे पाणकोळी आणि राखाडी अंगाचे, लाल चोचीचे, गालांवर पांढऱ्या पिळदार मिशा असलेले इंका सुरय. त्या मिशा पाहून आम्हांस आमच्या एका दिवंगत मुख्याध्यापकांची आठवण झाली.

खडकाच्या एका पायरीवर हम्बोल्ट पेंग्विनांची जोडी पाण्यात उतरावे की नाही याचा विचार करीत उभी होती. पेंग्विन म्हणजे बर्फ, अशी आमची शाळकरी समजूत. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, वाळवंटाच्या दारात, हा दोन फुटी पाहुणा राहतो तो केवळ त्या थंड पाण्याच्या भरवशावर. खालच्या गोट्यांवर समुद्रसिंह पसरले होते. स्थानिक लोक त्यांना समुद्रातले लांडगे म्हणतात. तीनशे किलोंचा एक नर मान उंचावून गर्जला आणि पुन्हा झोपी गेला. रविवारच्या शेवटच्या मिस्सानंतर आमची जशी अवस्था होते तशी.

बेटांवर उतरण्यास पाहुण्यांना मनाई आहे. वर राखणदारांची झोपडी आणि माल उतरविण्याचा जुना लोखंडी धक्का तेवढा दिसतो. होडी कमानीखालून वळली, वर पंखांचा एकच फडफडाट झाला आणि आमच्या बाहीवर, खांद्यावर आणि चष्म्याच्या काचेवर पांढरा शिडकावा पडला. होडीभर हशा उसळला. वाटाड्या म्हणाला, "पाद्रे, हे भाग्याचे लक्षण! एके काळी आमचा देश यावरच चालत होता."

सगळे हसत होते. आम्हांस मात्र हसू येईना. रुमालाने काच पुसताना जुलैतील ती सकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली.

आमच्या चर्चच्या आवारात तीन जुने पर्जन्यवृक्ष आहेत. (हा वृक्षही मूळचा अमेरिका खंडाचाच, हे फार थोड्यांना ठाऊक असते.) दर पावसाळ्यात त्यांवर पाणकावळे, बगळे आणि रातबगळे घरटी करतात. पिल्ले होतात, कलकलाट होतो आणि खाली पांढरा सडा पडतो. तो मोटारींवर पडतो, छत्र्यांवर पडतो. एकदा एका नववधूच्या पदरावर पडला. तक्रारी वाढल्या. धर्मग्राम मंडळाने ठरविले की फांद्या छाटाव्यात. पण विष्ठेची घाण हे कारण परवानगीसाठी पुरेसे नव्हते. म्हणून अर्जात लिहिले गेले की फांद्या किडलेल्या व जीवितास धोकादायक आहेत. फांद्या किडलेल्या नव्हत्या. हे आम्हांस ठाऊक होते. अर्जाखाली सही आमची होती.

छाटणी झाली तेव्हा घरट्यांत पिल्ले होती. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी ती चिखलातून उचलून टोपलीत भरून आमच्या दाराशी आणली. इयत्ता चौथीतील एका मुलीने विचारले, "फादर, ह्यांना आपण का पाडलं?" आम्ही स्वच्छता आणि आरोग्य यांविषयी चार वाक्ये बोललो. तिने ती ऐकून घेतली. मात्र तिची नजर टोपलीवरून हलली नाही. संध्याकाळपर्यंत बहुतेक पिल्ले मेली. पुढच्या महिन्यात आम्ही विमानात बसलो.

आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. चेहरेपट्टी चिनी, गळ्यात क्रूस. धुके विरळ झाले तसे उत्तरेकडे क्षितिजावर तीन फिकट आकार उमटले. बाईंनी क्रूसाची खूण केली व ओठांतल्या ओठांत काही पुटपुटल्या. मित्राने त्यांना आदराने विचारले. त्या म्हणाल्या, "ती चिंचा बेटे. माझ्या आजोबांचे आजोबा कँटनहून आले, त्यांना तिथे नेलं होतं. त्यांची कबर कुठे आहे ते आम्हांला माहीत नाही." चिंचा हे नाव ऐकून आमच्या मराठी कानांत क्षणभर चिंचेची आंबट-गोड चव आली होती. ती तत्काळ कडू झाली.

वाटाड्याने आणि मागाहून मित्राच्या ग्रंथसंग्रहाने जे सांगितले, ते थोडक्यात असे. 'गुआनो' हा शब्द क्वेचुआ भाषेतील 'वानू' यावरून आला, अर्थ खत. इंका राजांच्या काळी शेतकरी हे खत वापरीत. घरट्यांच्या दिवसांत बेटावर पाऊल ठेवणाऱ्यास देहदंड होता, असे इंका राजवंशातील मातेचा पुत्र असलेल्या गार्सिलासो दे ला वेगा या सतराव्या शतकातील लेखकाने नोंदविले आहे. हम्बोल्टने गुआनोचे नमुने युरोपात नेले. तेथील शास्त्रज्ञांना त्यात पिकांना हवा तो नत्र व स्फुरद भरपूर आढळला. अन्यत्र पावसाने हे सत्त्व धुऊन जाते. येथे पाऊसच नाही, म्हणून चिंचा बेटांवर त्याचे थर काही ठिकाणी पन्नास मीटरपर्यंत साचले होते. १८४० नंतर चार दशकांत एक कोटी टनांहून अधिक गुआनो जहाजांनी इंग्लंड, युरोप व उत्तर अमेरिकेत गेला. पेरूची तिजोरी भरली. १८५४ साली त्या देशाने गुलामगिरी रद्द केली, तेव्हा मालकांना नुकसानभरपाई दिली गेली तीही याच उत्पन्नातून. १८६४ साली तर स्पेनच्या आरमाराने ही बेटेच बळकावली. पक्ष्यांच्या विष्ठेसाठी युद्ध!

पण ती खणली कोणी? १८४९ ते १८७४ या काळात सुमारे नव्वद हजार ते एक लाख चिनी मजूर कराराच्या कागदावर अंगठा उठवून पेरूत आणले गेले. बहुतेक उसाच्या मळ्यांत गेले, काही हजार या बेटांवर. कुदळीने खडकासारखा थर फोडायचा, ढकलगाडीत भरायचा आणि कड्यावरून खालच्या जहाजात सोडायचा. धूळ डोळ्यांत, नाकात, फुप्फुसांत. बेटावर गोड पाणी नाही, सावली नाही, पळून जायला जागा नाही. कित्येकांनी कड्यावरून समुद्रात उड्या टाकल्या. करारावर सारे कायदेशीर होते. कागद चोख होता.

कागद चोख होता, हे वाक्य मनात आले आणि आम्ही खाली पाहू लागलो. वाचकहो, पिल्लांची टोपली आणि हजारो माणसांचे मरण यांची तुलना आम्ही करीत नाही. ती करणे हा मृतांचा अपमान ठरेल. पण खोट्या कागदाची जात एकच असते, एवढे मात्र त्या होडीत आम्हांस उमगले. कागदावर दुसरेच काही लिहिले की समोरचा जीव दिसेनासा होतो.

पन्नास-पन्नास मीटरांचे थर चाळीस वर्षांत खरवडून संपले. पक्षीही उठले, कारण घरट्यांसह जमीनच नेली होती. तेव्हा देशाला जाग आली. १९०९ साली गुआनोची देखभाल करणारी एक सरकारी कंपनी स्थापन झाली. बेटांवर राखणदार बसविले, शिकार बंद झाली, आळीपाळीने काही वर्षे बेटे मोकळी ठेवून मगच खत गोळा करण्याची शिस्त लागली. पक्षी परतले, विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांची संख्या कोट्यवधींत होती. आजही ठरावीक बेटांवर डोंगराकडून आलेले मजूर कुदळी व झाडूंनी खत गोळा करून पोत्यांत भरतात. १९७५ साली पाराकासचा सागर व वाळवंट मिळून तीन लाख पस्तीस हजार हेक्टरांचे राखीव क्षेत्र झाले आणि २००९ साली बायेस्तासह गुआनोची बेटे व भूशिरे स्वतंत्र संरक्षणाखाली आली.

तरीही आज पक्षी पूर्वीच्या अल्प अंशाएवढेच उरले आहेत. एक कारण माणसाची भूक. १९७० साली पेरूच्या कोळ्यांनी सव्वा कोटी टनांच्या आसपास आंचोवेता पकडली. बहुतेक कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी दळली गेली. दुसरे कारण समुद्राचा लहरीपणा. काही वर्षांनी येथील पाणी एकाएकी तापते, मासळी खोल जाते वा दूर निघून जाते आणि पक्षी उपाशी मरतात. उत्तरेकडील कोळ्यांना हे ऊन पाणी नाताळच्या सुमारास जाणवे, म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचे नाव दिले: 'एल निन्यो', म्हणजे बाळ. १९७२ साली असाच मोठा एल निन्यो आला. आधीच ओरबाडलेली मासळी जवळपास नाहीशी झाली. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात काय झाले? ज्यांनी सुकडी खाल्ली, दुष्काळी कामावर खडी फोडली, त्यांना सांगायला नको. शास्त्रज्ञ आज त्या दोन संकटांचे धागे एकमेकांशी जोडतात. पाराकासचा उपाशी पाणकावळा आणि मराठवाड्यातील उपाशी शेतकरी एकाच समुद्राच्या श्वासाशी बांधलेले होते, हे ऐकून आम्ही थक्क झालो. 'शेजारी कोण?' हा शुभवर्तमानातील प्रश्न आम्ही अडीच दशके शिकवीत आलो. त्याचा परीघ एवढा मोठा असेल असे वाटले नव्हते.

तिसरा घाव अगदी ताजा होता. २०२२ च्या अखेरीपासून पक्ष्यांच्या फ्लूने या किनाऱ्यावर लाखो समुद्रपक्षी आणि हजारो समुद्रसिंह मेले. गमत्या वाटाड्या ते सांगताना गंभीर झाला. "वाळूवर पाणकोळी पडलेले असत," तो म्हणाला, "आणि आम्ही पर्यटकांना दुसरीकडे पाहायला सांगत असू."

दुपारी वाऱ्याने खरोखरच वाळू उडविली. आमची बस द्वीपकल्पावरील वाळवंटातून निघाली. पिवळ्या वाळूच्या उतारांखाली एकाएकी निळे पाणी, आणि एका ठिकाणी खडकांच्या चुऱ्याने तांबडीलाल झालेली पुळण. एका कड्यावरून 'कातेद्राल' नावाचा खडक दाखविला. समुद्राने शतकानुशतके कोरलेली ती कमान महामंदिराच्या घुमटासारखी दिसे म्हणून हे नाव. २००७ च्या त्याच भूकंपात ती कोसळली. आता पाण्यात एकाकी सुळका उभा आहे. माणसांनी बांधलेले चर्च आणि लाटांनी घडविलेले मंदिर एकाच दिवशी पडले. मित्र पुष्कळ वेळ त्या सुळक्याकडे पाहत राहिला. "त्या वर्षी मी प्रेते उचलायला आलो होतो," तो एवढेच म्हणाला.

लागुनियास या कोळीवाड्यात मासे-भाताचे जेवण झाले. तेथे आम्ही मित्राला जुलैची सारी हकिकत सांगितली. अर्जासकट. त्याने मध्ये एक शब्द काढला नाही. मग म्हणाला, "अरे, तू लिमात सांतो दोमिंगोच्या मठात गेला होतास ना? तिथल्या मार्टिनची गोष्ट आठवते?"

संत मार्टिन द पोरेस (१५७९–१६३९) हे लिमाचे संत. आई मुक्त झालेली गुलाम कृष्णवर्णी, वडील स्पॅनिश सरदार. मठात त्यांनी झाडलोटीची व रुग्णसेवेची कामे केली. त्यांच्या चित्रांत हातात झाडू असतो. १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना संतपद दिले. आख्यायिका अशी की मठातील उंदीर उपासनेची वस्त्रे कुरतडू लागले. मठवासी विष घालणार होते. मार्टिननी उंदरांना समजावले: वस्त्रागार सोडा, बागेत राहा, रोजचे अन्न मी आणून देईन. उंदीर गेले आणि मार्टिननी शब्द पाळला.

"गोष्ट खरी की खोटी ते जाऊ दे," मित्र म्हणाला. "पण लक्षात घे, घाण होत नव्हती असं मार्टिन म्हणाले नाहीत. वस्त्रं कुरतडली जात होतीच. त्यांनी फक्त स्वतःचं काम वाढवून घेतलं."

परतीच्या वाटेवर अंधार पडला. बसमध्ये सगळे झोपले होते. आमच्या बाहीवरचा डाग वाळून पांढरा झाला होता. मित्राकडे आम्ही प्रायश्चित्त संस्कार मागितला आणि त्या धावत्या बसच्या मागील बाकावर, पॅन-अमेरिकन महामार्गावर, तो त्याने दिला. प्रायश्चित्त काय सांगितले ते गुप्त राहावे हा नियम त्याला बांधतो, आम्हांस नव्हे, म्हणून सांगतो: "जिथे खोटं लिहिलंस, तिथेच खरं बोल."

सप्टेंबरच्या एका रविवारी, मिस्सानंतरच्या सूचना वाचून झाल्यावर, आम्ही वेदीजवळून सांगितले की त्या फांद्या धोकादायक नव्हत्या. अर्जात असत्य होते आणि सही आमची होती. संबंधित कार्यालयासही तसे लिहून कळविले. चर्चमध्ये शांतता पसरली. काहींना बोलणे आवडले, काहींना मुळीच आवडले नाही. 'फादरनी आम्हांला उघडं पाडलं,' असे मंडळातील एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, कारण ठराव सर्वांचा होता. आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. चहा मिळाला, क्षमा अजून पूर्ण मिळालेली नाही. नंतर बऱ्याच वादानंतर मंडळाने ठरविले की जून ते ऑक्टोबर वृक्षांना कोणी हात लावणार नाही, वाहने मागील पटांगणात उभी राहतील आणि चर्चच्या दारापर्यंत पावसाळ्यापुरता पत्र्याचा मांडव घातला जाईल.

राहिली घाण. ती होतेच, मार्टिनच्या काळी होती, आजही आहे. २०२५ च्या पावसाळ्यात पहाटेच्या मिस्सापूर्वी आम्ही स्वतः झाडू घेतला. प्रथम आमच्या स्वयंपाकीणबाईंना संकोच वाटला, मग त्यांनी दुसरा झाडू आणला. पालापाचोळ्यासह गोळा केलेला तो ऐवज शेजारचे एक वृद्ध वाडीवाले गोणीत भरून आपल्या केळींसाठी नेतात. "आमचे बाबा नेत असत," ते म्हणाले, "मध्ये विसरलो होतो."

छाटणीपूर्वी त्या तीन वृक्षांवर साठेक घरटी असत. त्या पावसाळ्यात पक्षी पुष्कळ दिवस आलेच नाहीत. आम्ही रोज वर पाहत असू, तोंड मिटून. जुलैच्या मध्यास एके दिवशी, आता पाचवीत गेलेली ती मुलगी धर्मशिक्षणाच्या वर्गाआधी धापा टाकीत आली.

"फादर, अकरा!" ती म्हणाली.

आम्ही दोघांनी पुन्हा मोजली. अकराच होती.